सोय नाही, म्हणूनच मुलांना लक्षद्वीपला न्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी वाचकांच्या पत्रांत लक्षद्वीपला सहकुटुंब जाऊन आलेल्या एका गृहस्थांचं पत्र होतं. एवढे पैसे भरून तंबूत झोपवलं, एसी नाही, आंघोळीचं पाणी मोजून, नेट धड चालत नाही, रोज मासे-भात, मुलांनी करायचं काय, आणि मालदीवसारख्या सोयी होत नाहीत तोवर फॅमिलीवाल्यांनी तिकडे फिरकू नये, असा एकूण सूर. मी पण याच सीझनला माझ्या सहावीतल्या मुलीला घेऊन तिथेच, म्हणजे बंगारामच्या शेजारच्या तिन्नकरा बेटावर तंबूत राहून आले, त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवेना. त्यांनी लिहिलेली एकूण एक गोष्ट खरी आहे हो. फक्त त्यातून त्यांनी जो निष्कर्ष काढलाय तो मला अजिबात पटला नाही.

तिथे जमीन किती आहे ते आधी बघा. छत्तीस बेटं, त्यातल्या दहांवर वस्ती, आणि सगळ्यांची जमीन मिळून जेमतेम ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या पिंपरी-चिंचवड पालिकेच्या हद्दीचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. त्यात २०११ च्या जनगणनेनुसार चौसष्ट हजार माणसं राहतात. बेटांभोवतीची लगून, म्हणजे प्रवाळाच्या बांधाआडचं उथळ पाणी, मात्र सगळी मिळून ४२०० चौरस किलोमीटर आहे. बघायचं ते पाण्यात आहे, जमिनीवर पाठ टेकायला जागा मिळाली तरी पुष्कळ, आणि आपण भांडतोय ते नेमकं त्या पाठ टेकायच्या जागेवरून.

पाण्याचं तर सांगायलाच हवं कारण त्यांची मोठी तक्रार तीच होती. ही बेटं म्हणजे प्रवाळाच्या, म्हणजे समुद्रातले बारीक जीव बांधतात त्या कोरलच्या, चुऱ्याचा आणि वाळूचा ढीग, उंची समुद्रापासून एक-दोन मीटर, नदी नाही ओढा नाही. पावसाळ्यात पडलेलं पाणी वाळूत झिरपतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थर धरून तरंगत राहतं कारण गोडं पाणी हलकं असतं. विहिरीत येतं ते हेच. जरा जास्त उपसा झाला की खालून खारं वर चढतं आणि विहीर मचूळ होते, परत संडासाचं पाणी पण त्याच वाळूत मुरणार. कवरत्तीला, म्हणजे लक्षद्वीपच्या राजधानीच्या बेटावर, २००५ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी करायचा प्लँट घातला, साडेतीनशे मीटर खोलीवरचं गार पाणी वर खेचून त्यावर वाफ थंड करतात, दिवसाला एक लाख लिटर पाणी काढायची त्याची क्षमता. आता एवढा खटाटोप करून मिळणाऱ्या पाण्यावर तुम्ही दर खोलीला शॉवर आणि वर स्विमिंग पूल मागताय? पूल! चहूबाजूंनी काचेसारखं पाणी असताना!

आम्हाला आंघोळीला बादली मिळायची. पहिल्या संध्याकाळी मुलीने कुरकुर केली, नाही असं नाही, घरी ती शॉवरखाली गाणी म्हणत उभी राहते आणि मी बाहेरून दार वाजवते. नंतर तिने स्वतःच क्रम लावला, आधी पाण्यात घालायचा मास्क विसळायचा म्हणजे मीठ धरत नाही, मग केस, आणि केसांवरून ओघळलेल्या पाण्यातच बाकीचं अंग. मी काही शिकवलं नाही, उपदेश केला असता तर घरी पोचेपर्यंत ऐकवलं असतं तिने.

आता मुलांनी करायचं काय, याबद्दल. स्नॉर्केलिंगला आपल्याकडे उगाच मोठं साहसी वगैरे करून ठेवलंय. तोंड पाण्यात घालून निवांत तरंगत राहायचं आणि नळीने श्वास घ्यायचा, संपलं, पण हे निवांत तरंगणंच आपल्या मुलांना येत नाही. पोहायला येणारी मुलं सुद्धा सपासप हात मारतात, दमतात, आणि दमली की पहिली गोष्ट करतात ती म्हणजे पाय खाली टेकवून उभी राहतात. लगूनमध्ये बऱ्याच ठिकाणी कंबरेएवढंच पाणी असतं त्यामुळे उभं राहणं सोपं, आणि जिथे पाय पडतो तिथे बहुतेक वेळा प्रवाळ असतो. फांद्यांचा प्रवाळ वर्षाला साधारण पाच-दहा सेंटिमीटर वाढतो, गोल दगडासारखा असतो तो तर वर्षाला सेंटिमीटरभर. तुमच्या मुलाच्या एका पावलाखाली त्याच्या वयाइतकी वाढ कडकन मोडते आणि पायालाही कापतं, ती जखम लवकर भरत पण नाही.

म्हणून आम्ही जाण्याआधी इथल्या पालिकेच्या तलावावर फक्त उपडं पडून तरंगायचा सराव केला. बाकीच्या आया बघायच्या की ही मुलीला असं निपचित का पाडून ठेवते. मास्क पण इथेच तपासला, पट्टा न लावता नुसता चेहऱ्यावर दाबून नाकाने श्वास आत ओढायचा, मास्क चिकटून राहिला तर मापाचा, गळून पडला तर दुकानात परत. तिथे भाड्याने मिळतात ते मोठ्यांच्या मापाचे असतात, मुलांच्या गालांवर बसत नाहीत, पाणी शिरतं आणि मूल घाबरतं, मग मूल भित्रं म्हणून शिक्का. घाबरण्याचं अर्ध कारण मास्कच्या कडेखाली अडकलेली बट असते. एवढं साधं.

बोटवाले काका अगत्ती बेटाचे. त्यांची मल्याळमच्या वळणाची बोली, आमची मराठी, मधे मोडकी हिंदी. माझ्या मुलीला पाण्यात उतरवायच्या आधी त्यांनी तिला विचारलं की पाय कुठे ठेवणार, ती म्हणाली कुठेच नाही, तेव्हा कुठे ते हसले आणि दोर सोडला. चार ओळींचा लाइफ जॅकेटचा फॉर्म भरून घेण्यापेक्षा हा एक प्रश्न कितीतरी बरा. ओहोटीच्या वेळी लगूनच्या तोंडाकडे, म्हणजे जिथून पाणी बाहेरच्या समुद्रात जातं तिकडे, फिरकायचं पण नाही हे त्यांनी बोटाने दाखवून दोनदा सांगितलं, कारण तिथे ओढ असते आणि ती वरून दिसत नाही.

आणि मग पाण्याखाली जे ऐकू आलं ते मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. बघायचं सगळे सांगतात, ऐकायचं कुणी सांगत नाही. कुरुम कुरुम असा आवाज, कुणीतरी शेजारी बसून भाजलेले चणे खावे तसा. मुलीने माझा हात ओढून दाखवलं, हिरवा-निळा पोपटमासा दगडाला तोंड लावून खरवडत होता, दात अगदी पोपटाच्या चोचीसारखे, दगडावर पांढरे ओरखडे उठत होते. शेवाळ खायला तो मेलेला प्रवाळ पण खरवडून गिळतो, आत दळतो, आणि मग पाठीमागून पांढऱ्या वाळूचा धूर सोडतो. हे तिने डोळ्यांनी पाहिलं आणि नळीतून एवढी हसली की पाणीच गेलं तोंडात. वर आल्यावर पहिला प्रश्न, आई म्हणजे आपण ज्या वाळूत झोपतो ती सगळी माशांची शी? सगळी नाही पण बरीचशी, हो. मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करतो. त्या रात्री तंबूत झोपताना तिने वाळू झटकायची सोडून दिली, म्हणाली आता काय उपयोग.

करायला काही नाही म्हणता, अहो शंखातले खेकडे संध्याकाळी किनाऱ्यावर निघतात त्यांच्या मागे मूल तासभर फिरतं. त्यातल्या एकाने शंखाऐवजी बाटलीचं निळं झाकण पाठीवर घेतलेलं होतं. ते झाकण कुठून आलं कोण जाणे, समुद्र कुठूनही आणून टाकतो, पण बेटावर येणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू मुख्य भूमीवरून येते आणि कचऱ्याला परतीचं तिकीट नसतं. आम्ही आमच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, सगळं परत घेऊन आलो, कोचीच्या विमानतळावरच्या डब्यात टाकलं. रात्री दिवे मालवले की कधीकधी पाण्यात हात फिरवला तर निळसर ठिणग्या उठतात, सूक्ष्म जीवांचा उजेड असतो तो. रिसॉर्टचे फोकस लावल्यावर हे दिसेल का, सांगा.

एक गोष्ट मात्र त्या पत्रात नव्हती आणि यायला हवी होती. बराचसा प्रवाळ मेलेला आहे. फोटो बघून गेलेल्या माणसाला धक्का बसतो. पाणी प्रमाणाबाहेर तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतो, आणि रंग आणि जेवण दोन्ही त्या शेवाळामुळेच असतं, त्यामुळे तो पांढरा पडतो. तेव्हा तो मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी वेळेत निवलं तर सावरतो, नाही तर मरतो आणि त्यावर तपकिरी बुरशीसारखं शेवाळ चढतं. लक्षद्वीपात हे १९९८ ला मोठ्या प्रमाणावर झालं, मग २०१० ला, २०१६ ला, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात परत, कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्या वेळी तसं जाहीरही केलं होतं. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचे शास्त्रज्ञ अगत्ती, कदमत आणि कवरत्तीला वर्षानुवर्षं बुड्या मारून मोजणी करतायत, त्यांच्या आकड्यांप्रमाणे १९९८ ला जिवंत प्रवाळ ३७ टक्क्यांच्या आसपास होता तो २०२२ ला १९ च्या आसपास आला. म्हणजे निम्मा. दोन तापांच्या मधे सावरायला वेळच मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं आहे.

मुलीला मी हे आधी सांगितलं नव्हतं, तिने पाण्यातच विचारलं की हा भाग राखेसारखा का दिसतो. मुलांना वाईट गोष्टी दाखवू नयेत असं मानणाऱ्यांपैकी मी नाही. तिथे जवळच एक जिवंत झुडूप होतं, टोकं जांभळी, त्यात निळे छोटे मासे आमची सावली पडली की एकदम आत आणि सावली सरकली की एकदम बाहेर. मेलेल्या भागात एकही नाही. मला समजवावं लागलं नाही, तिने स्वतःच दोन्हीकडे बोट दाखवलं.

याच बंगारामच्या लगूनमध्ये परळी नावाची छोटी बेटं आहेत, त्यातलं एक झिजून झिजून पाण्याखाली गेलं, त्याचा अभ्यास २०१७ ला प्रसिद्ध झाला होता. बाहेरच्या लाटा अडवतो तो हाच प्रवाळाचा बांध. बांध खचला की वाळूचं बेट किती टिकणार. अशा जागी आपण जास्त खोल्या, जास्त जेट्या, जास्त स्पीडबोटी मागायच्या? जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे स्नॉर्केलिंगचे फोटो आले, मालदीवच्या उपमंत्र्यांनी काहीबाही लिहिलं, आणि आपल्याकडे रातोरात सगळ्यांना लक्षद्वीप आठवलं, तेव्हापासून हे मालदीव मालदीव चाललंय. मालदीवमध्ये बाराशेच्या घरात बेटं आहेत हो, इथे छत्तीस.

परमिटबद्दल पण त्यांनी राग काढला होता. आपल्याच देशात जायला परवानगी कशाला, हा प्रश्न बरोबर वाटतो ऐकायला. १९६७ च्या नियमांनुसार ती लागते, तिथले मूळ रहिवासी अनुसूचित जमातीत मोडतात आणि त्यांची जमीन, जगणं जपायला ती आहे. आमच्या एजंटने परमिटच्या कागदांत भरपूर घोळ घातला, शेवटच्या आठवड्यापर्यंत जीव टांगणीला, त्याला मी फोनवर जे ऐकवायचं ते ऐकवलंय. पण घोळ एजंटचा होता, नियमाचा नव्हता. अगत्तीची धावपट्टी इतकी छोटी की तिथे एटीआरसारखी लहान विमानंच उतरतात, आणि ती पण लांबवायची मागणी आहे. मला विचाराल तर आहे ती पुरे.

रोज मासे-भात याबद्दल काय बोलू. टुना, म्हणजे आपले कोळी ज्याला कुपा म्हणतात तो, इथले लोक जाळ्याने नाही तर गळाने एकेक करून पकडतात, आधी लगूनमधून बारीक मासे धरायचे, ते जिवंत ठेवून बाहेर समुद्रात टाकायचे आणि वर आलेला टुना काठीने उचलायचा. म्हणजे लगूनमधला प्रवाळ गेला की बारीक मासे गेले, बारीक मासे गेले की यांचा धंदा गेला. आम्ही शाकाहारी नाही त्यामुळे चंगळ झाली, शाकाहारी मंडळींनी थेपले, मेतकूट, लोणचं न्यावं, मराठी माणसाला हे सांगायला नको.

मग सोयी नकोतच का? हव्यात, पण वेगळ्या. मुलांच्या मापाचे मास्क ठेवा. पाण्यात उतरवायच्या आधी पाच मिनिटं तरंगून दाखवायला लावा, जमत नसेल तर बोटीतून काचेच्या तळातून दाखवा, त्यात कमीपणा काय. सनस्क्रीन फासून पाण्यात सोडू नका, पूर्ण बाह्यांचा पोहायचा टीशर्ट घाला, पाठ पण भाजत नाही आणि प्रवाळाला अपायकारक रसायनं पण जात नाहीत, पलाऊ देशाने तर २०२० पासून अशी सनस्क्रीनच बंद केलीत. आणि टूरवाल्यांनी निघायच्या आधी स्पष्ट सांगावं की शंख, प्रवाळाचे तुकडे बॅगेत घालू नका. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. परतताना विमानतळावर एका आजींच्या पिशवीतून नातवासाठी घेतलेले पांढरे तुकडे बाहेर काढायला लावले, बिचाऱ्या ओशाळल्या, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

शेवटचं आपल्या घरचं. एवढ्या लांब जायचं नसेल त्यांच्यासाठी मालवण आहेच, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या समुद्राला १९८७ पासून सागरी अभयारण्याचा दर्जा आहे, पण तिथे आम्ही गेलो तेव्हा आमच्या गाइडने मासे जमवायला पावाचे तुकडे टाकले, दहा मिनिटांत फोटो, पुढचा नंबर. माशांनी पाव खाल्ला की ते शेवाळ खरवडायचं काम सोडतात, हे त्या मुलाला कुणी शिकवलं नसेल तर दोष त्याचा नाही. तारकर्लीला डायव्हिंग शिकवायची सरकारी सोय आहे, तिथेच या मुलांना चार दिवसांचं प्रशिक्षण द्या आणि परवाना त्याला जोडा. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक आहे, पाण्याखाली वीसेक मीटरवर प्रवाळाचं मोठं पठार. तिकडेही पर्यटक न्यायच्या गोष्टी अधूनमधून कानावर येतात. मालवणात पाव थांबत नाही तोवर तिकडे बोटी नेऊ नका एवढीच विनंती.

त्या गृहस्थांना माझा राग नाही. त्यांना जे हवं होतं ते गोव्यात सगळं मिळतं आणि स्वस्तात मिळतं. ज्यांना मुलांना घेऊन लक्षद्वीपलाच जायचंय त्यांनी दिवाळीची सुट्टी धरावी, मेच्या मध्यानंतर समुद्र खवळायला लागतो आणि बोटींचा भरवसा राहत नाही, आणि तलावाचा पास मात्र आत्ताच काढावा.

आपली,
एक वाचक, चिंचवड